स्टीफन हिस्लॉप आणि लिंगोचें गाणें

मनुष्याच्या मागें त्याचें नांव पुष्कळ काळ राहतें, परंतु नांवाबरोबर त्याच्या कामाची आठवण राहतेच असें नाहीं. नागपूर शहरांत हिस्लॉप हें नांव ज्याच्या कानावर पडलें नाहीं असा मनुष्य विरळा. १८८३ सालीं स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज या शहरांतील अनेक पिढ्यांच्या परिचयाचें आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील व कित्येकांचे आजोबा तेथें शिकले असतील. तथापि ज्यांच्या स्मरणार्थ तें नांव देण्यांत आलें ते स्टीफन हिस्लॉप कोण, असें विचारल्यास बहुतेकजण ते एक स्कॉच मिशनरी होते व त्यांनीं शाळा काढली, एवढेंच सांगतील. भूगर्भशास्त्राचा अभ्यास केलेला एखादा विद्यार्थी त्यांनीं शोधून काढलेल्या अश्मीभूत अवशेषांविषयींही बोलेल. पण मुखपरंपरेनें चालत आलेलें गोंड लोकांचें एक मोठें गाणें त्यांनीं कागदावर उतरवून घेतलें, आणि तें काम पुरें होण्यापूर्वींच एका नाल्याच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील बेरिकशायर परगण्याच्या डन्स या गांवीं झाला. वडील गवंडीकाम करीत व आपल्या मंडळींत वडील म्हणून मानले जात. घरची स्थिति बेताचीच होती. परंतु मुलांनीं शिकावें हा त्या काळच्या स्कॉच कुटुंबांतला बाणा तेथेंही होता. स्टीफन यांचे थोरले बंधु अलेक्झांडर हे पुढें धर्मोपदेशक व ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले.

डन्स हें गांव इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीजवळ आहे. सरहद्दीचा हा मुलूख गाण्यांचा मुलूख म्हणून विख्यात आहे. कित्येक शतकें येथें दोन्ही बाजूंच्या टोळ्यांनीं एकमेकांचीं गुरें हांकून न्यावीं, गढ्या जाळाव्या, सूड घ्यावे, आणि मग त्या प्रसंगांवर पोवाडे रचावे, असा क्रम चालला होता. आपल्याकडे तानाजीच्या पराक्रमाचा पोवाडा शाहिरांनीं डफाच्या तालावर गावा व तो गांवोगांव पोंचावा, तशीच ही गोष्ट होती. हीं गाणीं कोणीं लिहून ठेविलीं नव्हतीं. आजीनें नातीला शिकवावें, मेंढपाळानें मेंढपाळापासून उचलावें, अशा रीतीनें तीं जगलीं. सर वॉल्टर स्कॉट यांनीं त्या प्रांतांत हिंडून अशीं गाणीं जमविलीं व त्यांच्या संग्रहाचे पहिले दोन भाग १८०२ सालीं डन्सहून फार दूर नसलेल्या केल्सो गांवीं छापून घेतले. तिसरा भाग पुढच्या वर्षीं निघाला. जेम्स हॉग या मेंढपाळ कवीच्या आईनें स्कॉट यांना कांहीं गाणीं म्हणून दाखविलीं होतीं. पण तीं छापलेलीं पाहून ती वृद्धा नाराज झाली. तीं गाण्यासाठीं होतीं, वाचण्यासाठीं नव्हतीं, असें तिचें म्हणणें होतें. तिचा हा आक्षेप वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची आठवण होणार आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागाची कथा याहून निराळी. तेथील लोक केल्टिक वंशांतील गेलिक भाषा बोलत. त्यांची भाषा वेगळी, वाद्यें वेगळीं, सूरही वेगळे. १७४६ सालीं कलोडनच्या रणांगणावर त्यांचा मोड झाल्यावर त्यांच्या टोळ्यांची जुनी व्यवस्था मोडून टाकण्यांत आली, आणि त्यांच्या वेषावरसुद्धां कायद्यानें बंदी आली. ती १७८२ पर्यंत टिकली. ज्या सरदारांच्या वाड्यांत भाट व पिपाणीवाले पोसले जात ते वाडे ओस पडूं लागले. आतां हे सूर जाणार, या भीतीनें कांहीं सुशिक्षित लोक ते जमविण्याच्या खटपटीस लागले. त्यांत जोसेफ मॅक्डॉनल्ड नांवाचा एक तरुण होता. त्यानें डोंगरी लोकांच्या पिपाणीच्या वादनाविषयीं एक ग्रंथ लिहिला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला आणि १७६३ च्या सुमारास ज्वरानें येथेंच वारला. त्याचें हस्तलिखित पुढें दुसऱ्यांच्या हातीं लागलें आणि अखेर १८०३ सालीं त्याचा भाऊ पॅट्रिक यानें तें छापविलें. या भावानें १७८४ सालीं डोंगरी गीतांच्या सुरांचा एक संग्रहही काढला होता. रॉबर्ट बर्न्स या थोर कवीनेंही आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें जुन्या चाली शोधण्यांत व त्यांना शब्द जोडण्यांत घालविलीं. ज्या संग्रहासाठीं त्यानें हें केलें त्याचे सहा भाग १७८७ पासून १८०३ पर्यंत निघाले व त्यांत सहाशें गीतें आहेत.

याच काळांत एक वादही माजला. जेम्स मॅक्फर्सन नांवाच्या गृहस्थानें १७६० नंतर ऑसियन नामक प्राचीन गेलिक भाटाचीं काव्यें म्हणून कांहीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं. सर्व युरोपांत त्यांचा गाजावाजा झाला. परंतु मूळ कोठें आहे, असें लोक विचारूं लागले तेव्हां त्याला समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. १८०५ सालीं एका मंडळानें चौकशीचा अहवाल काढला. त्यावरून असें दिसलें कीं लोकांत जुनीं गीतें खरोखरच होतीं, पण मॅक्फर्सननें त्यांत स्वतःची पुष्कळ भर घातली होती. या वादापासून अभ्यासकांनीं एक धडा घेतला. लोकांचें गाणें घ्यावयाचें तर तें त्यांच्या भाषेंत, त्यांच्याच शब्दांत आधीं उतरवून घ्यावें, आणि भाषांतर मागून करावें. ज्या देशांत हिस्लॉप वाढले तेथील विद्वानांत ही जाणीव अशी रुजलेली होती.

हिस्लॉप यांचें उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथें झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळींत मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळी झाली. हिस्लॉप तिच्यांत सामील झाले. १८४४ सालीं त्यांचा इरॅस्मा हल या बाईंशीं विवाह झाला, आणि त्याच वर्षीं हें जोडपें हिंदुस्थानास निघालें. डिसेंबरांत ते मुंबईस उतरले व १८४५ च्या आरंभीं नागपूर प्रांतीं पोंचले. तेव्हां येथें भोसल्यांचें राज्य होतें. तिसरे रघूजी भोसले गादीवर होते आणि इंग्रजांची छावणी कामठीस होती. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ सालीं त्यांनीं नागपुरांत शाळा सुरू केली. हीच शाळा वाढत जाऊन तिच्यांतून पुढें कॉलेज निघालें. १८५३ च्या डिसेंबरांत रघूजी निपुत्रिक वारले व पुढील वर्षीं लॉर्ड डलहौसी यांनीं राज्य खालसा केलें. हा सर्व पालट हिस्लॉप यांनीं येथें राहून पाहिला.

१८४७ सालीं रॉबर्ट हंटर नांवाचे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाच्या अभ्यासाची विलक्षण गोडी होती. शाळेचें काम संपलें कीं ते पायीं फिरावयास निघत आणि दगड, शिंपले, झाडपाला निरखीत. शहराच्या सीमेवरील टाकळीच्या टेकडीवर त्यांना दोन लाव्हांच्या थरांमध्यें सांपडलेले गोड्या पाण्यांतील शंख, फळें, बिया व किडे यांचे अश्मीभूत अवशेष आढळले. सिलेवाडा, मांगली वगैरे ठिकाणींही त्यांनीं पुष्कळ वस्तु जमविल्या. या दोघांचा नागपूरच्या भूगर्भाविषयींचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट व गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राण्याला हिस्लॉपिया हीं नांवें त्यांच्यावरूनच पडलीं आहेत. १८५५ सालीं हंटर स्वदेशीं परतले आणि हिस्लॉप येथेंच राहिले.

दगडांच्या शोधांत हिंडणाऱ्या मनुष्याला माणसेंही भेटतात. नागपूरच्या सभोंवतीं, भंडारा, चांदा, छिंदवाडा, बैतूल या भागांत गोंड लोकांची वस्ती दाट होती व आजही आहे. ज्या शहरांत हिस्लॉप राहत होते तें शहरही गोंडांनींच वसविलेलें. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बारा खेडीं एकत्र करून नागपूर वसविलें. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानें येथें राजधानी आणिली. चांद सुलतान १७३९ सालीं वारल्यावर भाऊबंदकी माजली आणि त्यांतून भोसल्यांचा येथें प्रवेश झाला. शंभर वर्षांच्या आंत गोंडांचें राज्य केवळ नांवापुरतें उरलें. राज्य गेलेल्या लोकांच्या हातीं आपला इतिहास सांगावयास काय उरतें? बखरी लिहिणारे कारकून दुसऱ्याच्या पदरीं जातात, कागदपत्रें नाहींशीं होतात. गोंडांपाशीं मात्र एक साधन शिल्लक होतें, आणि तें म्हणजे परधान.

परधान हे गोंडांचे भाट. कोणत्या कुळाचा मूळपुरुष कोण, कोणत्या कुळानें किती देव पुजावे, कोणाचा कोणाशीं विवाह व्हावा, हें सर्व परधानाच्या मुखांत असे. आपल्या यजमानाच्या घरीं तो ठराविक काळानें येई, तंतुवाद्य वाजवीत कुळाची कथा गाई आणि त्याबद्दल त्याला धान्य, वस्त्र, कधीं गुरें मिळत. नागपूर व चांद्याकडे या वाद्याला किंगरी म्हणतात. मंडल्याकडे बाना म्हणतात. गज ओढून तें वाजवितात. आपल्याकडील वासुदेव, गोंधळी, शाहीर यांचीं जीं कामें, तीं पुष्कळ अंशीं हा एकटा करीत असे. गोंडी भाषेला तेव्हां सर्वांच्या वापरांतील लिपि नव्हती, त्यामुळें परधान मेला आणि त्याचा मुलगा शिकला नाहीं तर त्याच्याबरोबर एक ग्रंथसंग्रहच जळून जाई.

हिस्लॉप यांनीं प्रथम या लोकांच्या भाषेचे शब्द जमविण्यास आरंभ केला. गोंडी, कोरकू इत्यादि भाषांतील शब्द शेजारीं शेजारीं मांडून त्यांनीं तक्ते केले. हात, पाय, पाणी, विस्तव, आई, बाप, एक, दोन अशा शब्दांवरून भाषांचें नातें कळतें. गोंडी ही मराठी किंवा हिंदी यांची बहीण नसून तमिळ, तेलुगु व कानडी यांच्या द्राविड कुलांतली आहे, हें अशा तुलनेनें स्पष्ट होतें. याच कामाच्या ओघांत एका परधानाच्या तोंडून त्यांनीं लिंगोचें गाणें ऐकलें व तें गोंडी शब्दांतच रोमन अक्षरांनीं उतरवून घेतलें. सुमारें हजार ओळींचें हें गाणें आहे आणि त्याचे पांच भाग आहेत. ऑसियनच्या वादांत ज्या मूळ शब्दांची उणीव भासली होती, ते शब्द येथें पहिल्यापासून जपण्यांत आले.

त्या गाण्याचें कथानक थोडक्यांत असें आहे. गोंड लोक जन्मास आले आणि धवळागिरीवर देवांच्या सान्निध्यांत राहूं लागले. पण त्यांचें वागणें गबाळें, खाणें अनिर्बंध. महादेव रागावले व त्यांनीं गोंडांना एका गुहेंत कोंडून तिच्या तोंडाशीं प्रचंड धोंडा लाविला. चौघेजण मात्र निसटले आणि काचीकोपा लोहागडाच्या रानांत जाऊन राहिले. इकडे पार्वतीला आपल्या गोंडांवांचून चैन पडेना आणि तिनें त्यांच्यासाठीं तप आरंभिलें. मग एका फुलांतून लिंगो जन्मला. उंबराचा मध चाटून तो वाढला, आणि मोठा झाल्यावर त्या चौघां भावांना येऊन मिळाला. त्यानें त्यांना रान तोडून शेत करावयास शिकविलें.

त्यांच्याजवळ विस्तव नव्हता. विस्तव होता रिकाड गवाडी नांवाच्या राक्षसाच्या शेतावर. लिंगोनें तेथें जातांना हत्यार घेतलें नाहीं. भोपळा घेऊन, त्याला आपल्याच केसांच्या तारा लावून त्यानें एक वाद्य बनविलें व तो तें वाजवूं लागला. त्याचे सूर ऐकून म्हातारा राक्षस व त्याची बायको दोघेंही वैर विसरून नाचूं लागलीं. शेवटीं राक्षसानें आपल्या सात मुली त्या भावांना देऊं केल्या. लिंगोनें स्वतःसाठीं एकही पतकरली नाहीं. साती चौघां भावांच्या घरीं गेल्या. पुढें त्याच स्त्रियांनीं त्याच्यावर खोटा आळ घेतला आणि भावांनीं त्याला रानांत नेऊन ठार केलें. देवांनीं अमृत शिंपून त्याला उठविलें. ज्यांनीं मारलें त्यांच्याकडे तो परत गेला नाहीं. गुहेंत कोंडलेल्या आपल्या लोकांच्या शोधास तो निघाला. महादेवांनीं अट घातली कीं समुद्रकांठच्या बिंदो नामक काळ्या पक्ष्याचीं पिलें आणून द्यावीं. तीं पिलें एक महासर्प दरवेळीं खाऊन टाकीत असे. लिंगोनें सर्पाला मारून पिलें वांचविलीं आणि तो पक्षी कृतज्ञतेनें त्याला घेऊन आला. तेव्हां धोंडा सरला व गोंड मुक्त झाले.

मुक्त झालेले लोक चालूं लागले तों वाटेंत पुराची नदी आली. बहुतेक जण पार झाले. लिंगो व कांहीं थोडे मागें राहिले. मगर व कांसव यांनीं त्यांना पाठीवर घेण्याचें वचन दिलें. मगरीनें भर पाण्यांत दगा केला, पण कांसवानें सर्वांस तारून नेलें. म्हणून कांहीं गोंड कुळें कांसवाला पूज्य मानितात. पैलतीरीं गेल्यावर लिंगोनें लोकांचीं कुळें पाडलीं, देव नेमून दिले, विवाहाचे नियम घालून दिले. काम झाल्यावर तो देवांकडे निघून गेला.

हें गाणें म्हणजे इतिहास काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. लढायांच्या सनावळ्या त्यांत नाहींत, हें खरें. परंतु बारकाईनें पाहिल्यास त्यांत पुष्कळ इतिहास दडलेला आहे. रान जाळून शेत करण्याची पद्धति, शिकार, विस्तवाचें दुर्मिळपण, कुळांची व्यवस्था, एका कुळांत विवाह न करण्याचा नियम, हें सर्व त्यांतून कळतें. त्यांत महादेव, पार्वती व नारायण येतात. यावरून नागपूरच्या मैदानांतील परधान हिंदु शेजाऱ्यांच्या सहवासांत किती काळ राहिला होता तेंही दिसतें. आणि एक समाज आपण पूर्वीं कोंडलेले होतों व आपल्याच पुरुषानें आपल्याला सोडविलें, असें पिढ्यान्‌पिढ्या गात राहिला, ही गोष्टही इतिहासाच्या अभ्यासकानें हलकी मानण्यासारखी नाहीं.

हिस्लॉप यांचें लक्ष गाण्यांप्रमाणेंच जुन्या थडग्यांकडेही गेलें होतें. नागपूरच्या आसपास मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं फार प्राचीन काळच्या लोकांचीं दफनस्थळें होत. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्यानंतर रिचर्ड टेंपल हे चीफ कमिशनर होऊन आले. त्यांनाही या विषयाची आवड होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं हे दोघे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें अशीं वर्तुळें पाहण्यास गेले. पाहणी झाल्यावर टेंपल बोरीच्या तळाकडे पुढें गेले. हिस्लॉप एका खेड्यांतील शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले आणि संध्याकाळीं एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस होते. वाटेंतल्या नाल्याला मधल्या वेळांत पाणी चढलें होतें. कांहीं वेळानें त्यांचा घोडा स्वाराविना तळावर आला, तेव्हां मंडळी घाबरून मशाली घेऊन शोधास धांवली. नाल्याच्या पाण्यांत त्यांचा देह सांपडला. सेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उरले होते. नागपुरांतच त्यांना दफन करण्यांत आलें. ज्यानें लिंगोच्या लोकांच्या नदीपार होण्याची कथा लिहून घेतली त्याला मात्र त्या लहानशा नाल्यांतून तारून नेणारें कोणी भेटलें नाहीं.

त्यांच्या मागें कागदांचा मोठा ढीग राहिला. जमातींविषयींचा निबंध अपुरा होता, शब्दांचे तक्ते होते, आणि गाण्याचे गोंडी शब्द होते. हे कागद कोणीं उघडले नसते तर चार पावसाळ्यांत वाळवीनें खाऊन टाकिले असते. टेंपल यांनीं ते जवळ घेतले, लावले, टीपा जोडल्या आणि १८६६ सालीं नागपुरांतच इंग्रजी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. पॅट्रिक मॅक्डॉनल्डनें भावाच्या हस्तलिखितासाठीं जें केलें, तेंच टेंपल यांनीं मित्राच्या कागदांसाठीं केलें.

त्या ग्रंथापासून पुष्कळांनीं लाभ घेतला. कॅप्टन फोर्सिथ यांनीं १८७१ सालीं निघालेल्या आपल्या पुस्तकांत लिंगोची कथा अमेरिकन कवि लाँगफेलो यांच्या हायावाथा काव्याच्या वृत्तांत इंग्रजींत आणिली. नागपूरचे बिशप चॅटर्टन यांनीं १९१६ सालीं लिहिलेल्या गोंडवनाच्या इतिहासांत तिला स्थान दिलें. त्याच वर्षीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातींविषयींच्या मोठ्या ग्रंथांतही ती आली. पुढें व्हेरियर एल्विन व त्यांचे महाराष्ट्रीय सहकारी शामराव हिवाळे यांनीं मंडल्याकडील गाणीं जमविलीं, आणि हिवाळे यांनीं १९४६ सालीं परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. टाकळघाट येथें १९६८-६९ मध्यें नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें आणि तीं वर्तुळें लोखंड वापरणाऱ्या प्राचीन लोकांचीं असल्याचें दाखविलें. हिस्लॉप यांनीं ज्या वाटेवर पाऊल ठेविलें होतें ती वाट अशी पुढें चालू राहिली.

या कार्याची एक उणी बाजू आहे, ती झांकून ठेवूं नये. हिस्लॉप यांच्या कागदांत शब्द आले, सूर आला नाहीं. परधान कोणत्या चालीवर गात होता, कोठें थांबत होता, किंगरीचा गज केव्हां वेगानें फिरत होता, हें आज त्या पुस्तकावरून कळण्यास मार्ग नाहीं. त्या काळीं आवाज भरून ठेवण्याचें यंत्रच नव्हतें. हॉगच्या आईचा आक्षेप येथें आठवतो. छापलेलें गाणें हें वाळविलेल्या फुलासारखें असतें. पाकळ्या मोजतां येतात, सुगंध नसतो. दुसरी उणीव अशी कीं ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप व टेंपल हीं दोन नांवें आहेत. ज्यानें हजार ओळी मुखांत वागविल्या त्या परधानाचें नांव तेथें नाहीं. विद्येच्या व्यवहारांत देणाऱ्याचें नांव गळून पडावें, हें न्यायाचें नव्हे.

सुदैवानें सूर अगदींच गेलेला नाहीं. २०११ च्या जनगणनेंत गोंडी ही आपली भाषा म्हणून सांगणारे लोक २९ लाखांहून अधिक होते. गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत कचारगड येथें प्रचंड गुहा आहे, आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें दूरदूरचे गोंड यात्रेस जमतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणें पूर्वज कोंडले गेले ती हीच गुहा. तेथें सांगितली जाणारी कथा हिस्लॉप यांच्या पाठाहून निराळी आहे. तिच्यांत हिरासुका नांवाच्या वादकाचें महत्त्व मोठें आहे. गुहेचा धोंडा हलवितांना त्याचा प्राण गेला, असें ते लोक सांगतात. पुस्तकांतील पाठ दीडशें वर्षांपूर्वीं होता तेथेंच थांबला, आणि लोकांच्या मुखांतील कथा चालत राहिली. अभ्यासकाला दोन्ही हवे.

विद्यार्थिमित्रहो, हिस्लॉप यांच्या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. ते परक्या देशांत आले, तेथील भाषा शिकले, पायांखालच्या दगडाकडे व शेजारच्या माणसाकडे सारख्याच आदरानें पाहूं लागले. शाळेचें काम सांभाळून, सुटीच्या दिवसांत त्यांनीं हें सर्व केलें. त्यासाठीं त्यांना वेगळें वेतन नव्हतें. तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं अजून अशी आजी असेल जिला जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याचीं किंवा लग्नांतलीं गाणीं येतात. कोणाच्या घरीं गोंडी, हलबी किंवा वऱ्हाडी बोलणारें वडील माणूस असेल. आज तुमच्या हातीं आवाज जसाच्या तसा ठेवणारें यंत्र आहे, जें हिस्लॉप यांना लाभलें नाहीं. येत्या सुटींत त्यांच्याजवळ बसा, त्यांना गाऊं द्या, सूर व शब्द दोन्ही ठेवा, आणि गाणाऱ्याचें नांव, गांव व तारीख पहिल्या ओळींत लिहा.